आमडी, लोकसंख्या शून्य

"काकू, तेवढी कपड्यांची दोरी काढता का?" मी म्हणालो.

सुधाकरच्या आईनं आधी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोरीवर दोन लुगडी, सुधाकरची पँट आणि एक गोधडी होती. एप्रिलमधली सकाळ, साडेनऊ वाजलेले, आणि ऊन आताच डोळ्यांवर येत होतं.

"काढते ना बाप्पा. पण गोधडी वली हाय अजून."

"पंधरा मिनिटं फक्त. फोटोत कपडे आले तर घरात कोणी राहते असं वाटते."

"राहतोच ना आम्ही."

"हाव, पण फोटोत नाही राहायचं."

त्या हसल्या आणि दोरी सोडायला लागल्या. उजेड तपासायला मी मधेमधे कॅमेऱ्याचं बटण दाबत होतो. सुधाकरनं अंगणातली बाज उचलून मागच्या बाजूला नेली. कोंबड्या हाकलल्या. त्या परत आल्या, मग काकूंनी मागं पळून धरल्या आणि डालग्याखाली कोंबल्या. रोशनी थर्माकोलच्या पत्र्यावर चांदीचा कागद चिकटवून उभी होती, उजेड भिंतीवर पाडायला. मी खिडकीचं एक दार बिजागरीतून अर्धं काढलं आणि तिरपं लोंबतं ठेवलं. मुख्य दारावर मूठभर कोळशाची भुकटी चोळली. ती आणायला लांब जावं लागलं नाही. आमडीत कुठंही हात फिरवला की कोळसाच हाती लागायचा.

"मी कुठं उभी राहू?" काकूंनी विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी केस विंचरले होते आणि लुगडं धुवट होतं.

"आई, तू आत बस," सुधाकर म्हणाला. "जग संपलं आहे."

"कधी?"

"आज सकाळी."

"मंग भाकरी टाकू का नको?"

"टाक ना. पण दार लावून घे."

काकू आत गेल्या, दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. आम्ही तिघं खूप हसलो.

आम्ही तिघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी तुषार, वीज केंद्राच्या कॉलनीतला, वडील तिथं कारकून. रोशनी मडावी माझ्याच शाळेतली, तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स. आणि सुधाकर उरकुडे. तो बसस्टँडजवळच्या नेट कॅफेत कामाला होता. आमच्याकडे, चंद्रपूरच्या बाजूला, उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. कॅफेत गिऱ्हाईक नसायचं, कूलर असायचा. तिथं बसून आम्ही जग संपवायचो.

जग संपल्यानंतरचे पिक्चर हे आमचं वेड होतं. युद्ध झालं, पाणी आटलं, सूर्य विझला, काहीही चालायचं. पुढं माणसं कशी जगतात ते पाहायचं, आणि मागं गिटार वाजली पाहिजे. आमच्यासारखे देशभर पसरलेले दोनेकशे जण नेटवरच्या एका ग्रुपवर होते. पण खरी भांडणं आमच्या तिघांतच.

माझा हिशेब सरळ होता. पिक्चर सुरू झाल्यापासून पहिला माणूस दिसेपर्यंत जितकी जास्त मिनिटं, तितका पिक्चर भारी. 'मीठ' नावाचा एक होता, त्यात समुद्र निघून जातो. बावीस मिनिटं नुसती पांढरी जमीन, एक पेट्रोलपंप आणि लोंबता टेलिफोन.

"बावीस मिनिटं मले वाटलं सीडी अडकली," रोशनी म्हणायची. "काही वाजतच नाही त्याच्यात. 'नववा हिवाळा' पाहा. पहिल्या सीनपासून हॉलो टर्बाइन बँडची गिटार."

"तुह्या हॉलो टर्बाइनच्या गाण्यात गाणं कुठं असते? नुसता मिक्सर फिरते."

"मिक्सर? बेस ऐकला का कधी? कानात बोळे घालून ऐकतो का तू?"

सुधाकर मध्ये पडायचा तो वेगळाच प्रश्न घेऊन. "मले एक सांगा. जग संपलं. लाईट गेली. मग हे गिटारचे अँप कशावर चालवतात?"

"जनरेटर."

"डिझेल?"

"सुध्या, पिक्चर आहे बे."

"मग पिक्चरमध्ये दाखवा ना डिझेल कुठून आणलं. पाणी कुठून आणतात तेही दाखवत नाही कोणी. हिरो तीन वर्षं चालून राहिला, त्याच्या हातात एक बाटली नाही."

एका बाबतीत मात्र तिघांचं एकमत होतं, आणि ते म्हणजे 'रिकामा सिलिंडर'. पुण्याचा बँड. नाव मराठी, गाणी इंग्रजी, ड्रमर मल्याळी. त्यांचं एकही गाणं असं नव्हतं की ज्यात काहीतरी जळून गेलेलं नाही. सुधाकरला त्यांच्या पहिल्या दोन अल्बमचे सगळे शब्द पाठ होते. त्यातल्या अर्ध्यांचा अर्थ तो मला विचारायचा आणि अर्ध्यांचा मी ठोकून द्यायचो.

आमडीत फोटो काढायची कल्पना सुधाकरचीच. "तुम्ही लोक कुठं कुठं शोधून राहिले," तो म्हणाला. "माह्या गावाएवढं संपलेलं दुसरं काय आहे?"

खरंच होतं. कोळशाची उघडी खाण वाढत वाढत गावाच्या कुसापर्यंत आली होती. रोज तीन वाजता सुरुंग उडायचा आणि मांडणीवरची भांडी वाजायची. दोनशे दहा घरांपैकी नऊ उरली होती. बाकीचे अकरा किलोमीटरवरच्या नव्या आमडीत गेले, आणि जाताना कौलं, वासे, चौकटी, दारं सगळं काढून घेऊन गेले. म्हणून तर सुधाकरचं घर लागलं. दार नसलेलं घर पाडलेलं दिसतं, ओसाड दिसत नाही. ओसाड दिसायला दार लागतं. हे मी त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरोबर आहे तुह्यं," आणि अभिमानानं घराकडे पाहिलं.

ही नऊ घरं उरली होती ती हौसेनं नाही. त्यांना नव्या गावात जे प्लॉट मिळाले ते नाल्याच्या पात्रात होते. पहिल्या पावसात तिथं कमरेएवढं पाणी. नऊ जणांनी प्लॉट बदलून मागितले होते, अर्ज पुनर्वसन कचेरीत पडून होता. तोवर जुन्या गावात राहायचं. गावात माणूस राहतो तोवर खाणीला विजेची डीपी काढता येत नव्हती आणि बोअरची मोटर बंद करता येत नव्हती. उलट एकदा का कागदावर 'गाव रिकामे' लिहिलं गेलं की अर्ज निकाली, डीपी जाणार, आणि जो प्लॉट मिळाला तो घ्यायचा. नाला तर नाला. हे मला माहीत होतं. सुधाकर कॅफेत दर आठवड्याला सांगायचा. मी ऐकायचो आणि हॉलो टर्बाइनवर वाद घालायला लागायचो.

फोटो सुंदर आला. आजही म्हणेन. मळकं आभाळ, काळवंडलेलं दार, लोंबती खिडकी, मागं खाणीच्या मातीचा डोंगर. माणसाची कुठं खूण नाही. कॅफेत बसून मी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमडी, जिल्हा चंद्रपूर. लोकसंख्या शून्य.'

रोशनी मागून वाचत होती. "शून्य काहून लिहिलं?"

"मग काय लिहू?"

"काकूंनी आपल्याले चहा पाजला ना."

"रोशनी, 'लोकसंख्या चव्वेचाळीस, चहा मिळेल' असं लिहू का?"

सुधाकर हसला. "राहू दे ना. शून्य भारी दिसते."

 त्यानंतर रोशनी दोन दिवस कॅफेत आली नाही.

ग्रुपवर उड्या पडल्या. कोलकात्याचा एक जण म्हणाला की 'मीठ'च्या दिग्दर्शकानं हे पाहायला हवं. शिलाँगच्या मुलीनं विचारलं, तिथली माणसं कुठं गेली? मी लिहिलं, 'कोणालाच माहीत नाही.' सुधाकर माझ्या खांद्याशी उभा राहून प्रत्येक उत्तर वाचत होता. "सांग त्यांना, रात्री घंटा वाजते म्हणून," तो म्हणाला. मी तेही लिहिलं.

पाचव्या दिवशी मेल आला. 'रिकामा सिलिंडर'चा बेस वाजवणारा केदार याच्याकडून. त्यांना नव्या अल्बमच्या कव्हरसाठी तो फोटो हवा होता. अट एकच, त्याच्याच शब्दांत: 'आम्हाला सेट नको, नाटक नको. खरोखर ओस पडलेलं गाव हवं. हे तसंच आहे ना?'

मी एक शब्द लिहिला. 'तसंच.'

सुधाकर त्या दिवशी सुट्टीवर होता. मी मेल त्याच्यासाठी राखून ठेवला, समोरासमोर दाखवायचा म्हणून. तो आला तो तिसऱ्या दिवशी, भर दुपारी सायकल मारत, थेट आमच्या क्वार्टरवर. हातात दोन कागद. एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं. कोणीतरी माझा फोटो ग्रुपवरून उचलून एका स्थानिक दैनिकात दिला होता, वर मथळा: 'भुतांचे गाव'. दुसरा कागद पुनर्वसन कचेरीच्या साहेबांची नोटीस. आमडी गाव पूर्णपणे रिकामं झाल्याचं दिसून येतं, सोबत वृत्तपत्रीय छायाचित्र, सबब पंधरा दिवसांत डीपी हलवण्यात येईल, हरकत असल्यास सोमवारी अकरा वाजता हजर राहावे.

"छायाचित्र म्हणजे तुहा फोटो," सुधाकर म्हणाला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "तलाठी गावात आलाच नाही. कचेरीत बसून पंचनामा केला आणि हे कात्रण डकवलं. सोमवारी चाल. साहेबाले सांग की आपण मुद्दाम तसा काढला."

मी त्याला घरच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि मेल उघडला. तो हळूहळू वाचत गेला. दुसऱ्यांदा वाचला.

"सिलिंडरचं कव्हर?"

"हाव."

"आमच्या घराचं?"

"हाव."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलो नाही. नोटीस त्याच्या मांडीवर होती आणि तो हसत होता, लहान मूल हसतं तसा. मग त्यानं शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. खरोखर ओस पडलेलं गाव.

"तू सोमवारी सांगितलं तर पेपरमध्ये येईन," तो म्हणाला.

"येईनच. पेपरवाला तिथंच बसला असन."

"मग केदारले समजन."

"समजन."

आत आई डाळ निवडत होती. मला त्याच क्षणी म्हणता आलं असतं, की कव्हर गेलं उडत, मी येतो. मी म्हणालो नाही. तो काहीतरी मार्ग काढेल याची मी वाट पाहत बसलो, आणि त्याची लाज मला तेव्हाही वाटली होती.

"तू नको येऊ," सुधाकर म्हणाला. "मी सांगतो, हा फोटो आमच्या गावचा नाहीच. दुसरीकडचा कुठला तरी आहे, पेपरवाल्यानं चुकून आमडी छापलं. फोटोत नाव कुठं आहे? पाटी नाही, काही नाही."

"आणि ग्रुपवर मी आमडी लिहिलं ते?"

"साहेब ग्रुपवर आहे का बे?" तो उठला. "फोटो आमचा नाही म्हटलं की नोटीस पडली. कव्हर पण राहिलं, डीपी पण राहिली."

मला तो डाव पटला. खरं सांगायचं तर मला तो फार हुशार वाटला.

सोमवारी मी गेलो तरी. घरात बसवेना. कचेरीतली खोली लांबट होती, एका टोकाला साहेबांचं टेबल, शेजारी धडधडणारा कूलर. नऊ घरची माणसं बाकांवर आणि उरलेली भिंतीशी खाली बसली होती. मी दाराजवळ उभा राहिलो. रोशनी आधीच आली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

साहेब पन्नाशीचे, शांत. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यांनी कात्रण उचलून दाखवलं. "गावात लोक राहतात असं तुमचं म्हणणं. मग हे काय आहे?"

सुधाकर उभा राहिला. "साहेब, हा फोटो आमच्या गावचा नाही."

"मग कुठला?"

"ते आम्हाले कसं माहीत असन? वणीकडचा असन. तिकडं पण गावं उठली."

साहेबांनी चष्मा पुसला. "तुमच्या घरून अजून कोण आलंय?"

"माझी आई."

"बाई, जरा पुढं या."

काकू टेबलापाशी गेल्या. साहेबांनी कात्रण त्यांच्या हातात दिलं. "नीट बघा. हे घर तुमच्या गावातलं आहे?"

त्यांनी कात्रण दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांजवळ आणलं, लांब धरलं. त्यांना फोटो आम्ही दाखवलाच नव्हता. त्या पहिल्यांदा पाहत होत्या. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "आमचं नाही हे."

"नक्की?"

"पाह्यलं ना साहेब. असं कुठं असते आमचं? आमच्या घरात माणसं राहतात."

साहेब मान हलवायच्या बेतात होते. एवढ्यात बाजूला बसलेला तलाठी उठला. आपण गावात गेलो नाही हे उघडं पडेल याची त्याला धास्ती असावी. "साहेब, खोटं बोलून राहिले हे. हे उरकुड्याचंच घर आहे. दारावरची ती लोखंडी पट्टी पाहा. मी दहा वेळा त्या दारातून आत गेलो आहे. मी ओळखत नाही का?"

साहेबांनी कात्रण परत घेतलं आणि काकूंकडे पाहिलं. "बाई, स्वतःचं घर नाही म्हणता?"

सुधाकर काहीतरी बोलायला गेला, साहेबांनी हात वर केला. "एवढं उघड खोटं बोलत असाल तर बाकीच्या आठ घरांचं तरी मी काय खरं धरू?"

भिंतीशी बसलेली एक म्हातारी "अरे देवा" म्हणाली. मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे, की साहेब तेव्हा आठ घरांचं बोलले नसते तर मी पुढं झालो असतो का. मला वाटतं झालो असतो. काकूंनी स्वतःच्या दाराकडे पाहून नाही म्हटलं, तेव्हाच मी अर्धं पाऊल उचललं होतं. पण छातीठोक सांगता येत नाही.

"साहेब, तो फोटो मी काढला," मी म्हणालो.

सगळ्या माना वळल्या. पुढं जाऊन मी सगळं सांगितलं. दोरी काढायला लावली, बाज हलवली, कोंबड्या झाकल्या, खिडकी मी उचकटली, दाराला भुकटी मी फासली, काकूंना आत बसवून दार लावलं. लोकसंख्या शून्य हे मी लिहिलं. रोशनी कधी शेजारी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. "मी पण होती," ती म्हणाली. "घरात चूल पेटलेली होती, साहेब."

"हे सगळं कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"जग संपल्यासारखं दिसायला पाहिजे होतं."

"म्हणजे?"

"तसे पिक्चर असतात, साहेब. जग संपल्यावरचे. आम्हाले आवडतात."

बाजूच्या टायपिस्टनं बोटं थांबवून विचारलं, "साहेब, काय लिहू? कारण काय टाकू?"

"आवड म्हणून, असं लिहा," साहेब म्हणाले.

त्या कागदावर माझी सही आहे. कुठंतरी असेल अजून.

पुढचं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः आमडीत गेले. नऊही घरांत जाऊन आले, एका घरी ताक प्याले. नोटीस मागं घेतली गेली. तलाठ्याची बदली झाली. आठ महिन्यांनी नऊ जणांना प्लॉट बदलून मिळाले, रस्त्याच्या कडेचे, उंचावरचे. काकू तिथं बारा वर्षं राहिल्या. जुनी आमडी पुढच्या उन्हाळ्यात खाणीत गेली. आज तिथं उभं राहून खाली पाहिलं तर डंपर खेळण्यातल्यासारखे दिसतात. केदारला मी सोमवारी संध्याकाळीच मेल केला, पेपरात यायच्या आधी. त्यानं उत्तर चांगलं लिहिलं, प्रामाणिकपणाचं कौतुक वगैरे, पण फोटो घेतला नाही. अल्बम दिवाळीत आला. कव्हरवर एका स्टुडिओतली प्लास्टरची पडकी भिंत होती.

पण हे सगळं नंतर. सोमवारी साडेबाराला आम्ही कचेरीतून बाहेर आलो तेव्हा समोरच्या रसवंतीच्या ताडपत्रीखाली काकू बाकावर बसल्या. सुधाकर रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं होतं तो माझा हात धरेल, निदान काहीतरी बोलेल. मी अगदी तयारीत होतो, 'एवढं काय त्यात' म्हणायच्या.

"कायले बोलला बे तू?" तो म्हणाला.

"म्हणजे? साहेब आठ घरं..."

"ते ठीक आहे. आईसाठी बरं केलं. मंडळींसाठी बरं केलं." तो वळला. डोळे लाल होते. "माह्यासाठी नाही केलं."

"सुध्या, कव्हर माझं होतं. माझा फोटो गेला."

"तुले वाटते मी तुह्यासाठी खोटं बोललो? माह्या मायले खोटं बोलायले लावलं ते तुह्या फोटोसाठी?" त्यानं आवाज खाली आणला, काकू ऐकतील म्हणून. "गाव तर जाणारच आहे. एक वर्ष इकडं का तिकडं. मग खड्डा. उद्या माह्या पोरानं विचारलं बाबा तुमचं गाव कुठं होतं, तर मी काय दाखवू? खड्डा दाखवू? सिलिंडरचं कव्हर दाखवलं असतं. पुण्यात, मुंबईत, दुकानादुकानात आमचं घर लागलं असतं. कोणी काढून फेकलं नसतं."

एवढे दिवस मी समजत होतो की त्याचा जीव डीपीत आहे आणि माझा कव्हरवर. मी माझी आवड सोडून त्याचं घर वाचवलं, असा माझा हिशेब होता.

"फोटो आहे ना माझ्याकडं," मी म्हणालो. "मोठी प्रिंट काढून देतो. फ्रेम करून."

"तो?" सुधाकर म्हणाला. "तो कव्हरवर चालला असता. घरात कोण लावते तसा? भुकटी फासलेलं दार." तो थोडा निवळला. रसवाल्याला त्यानं चार बोटं दाखवली. "तसा नको. आई आली होती ना फोटोत दोन-तीन वेळा. कोंबडी धरायले पळाली तेव्हा एक. आणि दार लावायच्या आधी उंबऱ्यावर उभी राहून विचारत होती, कुठं उभी राहू म्हणून. तू तेव्हा पण बटण दाबलं होतं, मी पाहिलं. त्यातला एक काढून दे. नाहीतर दोरी सोडतानाचा दे, बाज-बिज सगळी आहे त्याच्यात. गोधडी आहे."

काकूंनी मान वर केली. त्यांना शेवटचं ऐकू गेलं होतं. "माहा आहे का फोटो?" त्यांनी विचारलं.

रोशनी माझ्याकडे पाहत होती. तिला माहीत होतं, ती शेजारी उभी होती तेव्हा.

"नाही आहे," मी म्हणालो. "कॅमेऱ्याच्या कार्डात जागा कमी होती. ज्यात माणूस आला ते सगळे मी तिथंच पुसले. खराब आले म्हणून."

रसाचे ग्लास आले. सुधाकरनं पहिला आईला दिला, दुसरा रोशनीला, तिसरा माझ्या हातात दिला. स्वतःच्या ग्लासातला बर्फ त्यानं बोटानं दोनदा फिरवला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मी पण पुसले असते."